पंचवीस रजया आणि मुलुंडची थंडी

माझं लग्न हुंड्यावरून मोडायला आलं नव्हतं, पत्रिकेवरून नाही, नाकाडोळ्यांवरून तर मुळीच नाही. ते मोडायला आलं होतं पंचवीस रजयांवरून. आज हे कुणाला सांगितलं की माणसं हसतात. हसा बापडे. तेव्हा माझ्यावर काय बेतलं होतं ते मला ठाऊक.

आधी दोन माणसं सांगते. एक माझे बाबा. दुसरे त्यांच्याच कचेरीत, त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बसणारे गृहस्थ. फोर्टातल्या एका विमा कचेरीत दोघे कारकून होते. बाबा मुलुंडहून जायचे आणि ते बोरिवलीहून यायचे. त्यामुळे कचेरीत दोघांना खऱ्या आडनावाने कुणी हाक मारत नसे. एक मुलुंडकर आणि एक बोरिवलीकर. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. मुलुंड काय किंवा बोरिवली काय, दोन्ही तेव्हा गावंच. आम्ही घरातून निघताना ‘मुंबईला जाऊन येतो’ म्हणायचो.

दोन गावांच्या मधे एक डोंगर. सरळ चालत गेलं तर डोंगर चढून पलीकडे उतरलं की बोरिवली. पण मधे बिबटे होते, म्हणून शहाणी माणसं दादरला जाऊन गाडी बदलायची. थंडी या डोंगरावरून खाली उतरते यावर दोघांचं एकमत होतं. ती कुणाच्या बाजूला उतरते यावर मात्र आठ वर्षं भांडण. बाबा म्हणायचे, डोंगराने तोंड मुलुंडकडे केलंय. बोरिवलीकर म्हणायचे, डोंगर तुमच्याकडे पाठ करून बसलाय. डोंगराला तोंड कुठून आलं, हे त्या दोघांना कुणी विचारलं नाही.

“बोरिवलीची ती थंडी नव्हेच,” बाबा घरी येऊन आम्हाला ऐकवायचे. “खाडीची ओल आहे ती. ओल आणि थंडी यातला फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी काय बोलायचं?”

तिकडे बोरिवलीकर म्हणायचे, “मुलुंडला मिठागरं. मिठागराच्या काठी कधी थंडी पडली आहे का हो?”

पेपरात रोज आकडा यायचा, पण तो कुलाब्याचा. कुलाब्याचा आकडा दोघांनाही मंजूर नव्हता. मग पुरावा काय? तर खोबरेल तेल. सकाळी उठून बाबा पहिल्यांदा देवाला नमस्कार करत नसत, आधी फडताळातली तेलाची बाटली उलटी करून बघत. तेल थिजलेलं असलं की स्वारी खूश. कचेरीत गेल्या गेल्या सांगायचे, “आज बाटली उलटी धरली, थेंब पडला नाही.” दुसऱ्या दिवशी बोरिवलीकर म्हणायचे, “आमच्याकडे काडीने कोरून काढावं लागलं.” तिसऱ्या दिवशी बाबांचं तेल चमच्याने निघत नसे. चौथ्या दिवशी बोरिवलीत चमचा वाकायचा.

एकदा डिसेंबरात मला चष्मा करायला मुंबईला जायचं होतं म्हणून मी बाबांबरोबर निघाले. घरून निघताना स्वेटर, कानटोपी, मफलर असा थाट. बोरीबंदरला उतरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं. कानटोपी निघाली, पण मफलर काही निघेना. अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. म्हटलं, “बाबा, काढा ना तो.” तर म्हणाले, “टेबलापर्यंत पोचू दे. तो बसलेला असेल.”

असे हे दोघे. पण थंडी सरली की गळ्यात गळा. एकाच डब्यातलं जेवायचे, एकमेकांची रजा सांभाळायचे. अशाच एका पावसाळ्यात दोघांनी जेवताजेवता ठरवलं, की मुलुंडकरांची मुलगी बोरिवलीकरांच्या मुलाला दाखवायची. मुलगी म्हणजे मी. बावीस वर्षांची घोडी, मुलुंडच्या शाळेत पहिलीला शिकवत होते. मुलगा नकाशे काढायच्या नोकरीत होता.

दाखवायचा कार्यक्रम ऑक्टोबरात आमच्या घरी झाला. ऑक्टोबर म्हणजे काय ते सांगायला नको. मुलगा पोह्यांची बशी घेऊन बसला होता आणि घामाचे थेंब पोह्यांत पडतील की काय अशी मला भीती. शेवटी त्याने हळूच विचारलं, “वारा घ्यायला काही मिळेल का?” मी आत जाऊन हातपंखा आणला. तो त्याच्या हातात द्यायचा, तर माझं डोकं कुठे होतं कोण जाणे, मी उभी राहून त्याला वारा घालायला लागले. सगळे बघतच राहिले. आईने डोळे वटारले. मी पंखा टाकून आत पळणार, तेवढ्यात मुलगा माझ्याकडे न बघता पुटपुटला, “मुलुंडला खरंच थंडी पडते का हो?”

मला हसू फुटलं. सगळ्यांसमोर, खुदकन. त्यालाही फुटलं. झालं, माझ्या मनाने तिथेच कौल दिला. पुढे महिनाभर पहिलीच्या पोरांना मी एकही धपाटा घातला नाही.

दोन्हीकडून होकार आले. मार्गशीर्षात याद्या करायला बोरिवलीकर आमच्याकडे आले. याद्या म्हणजे लग्नात काय काय करायचं ते बैठकीत कागदावर उतरवून दोन्ही वडिलांनी सह्या करायच्या. लिहायला माझे मामा बसले होते, गिरगावचे. लग्न माघात, आमच्या दारी. वऱ्हाड आदल्या दिवशी येणार, त्यांचं जानवसघर शेजारच्या बंगल्यात. मी आत दाराआड उभी राहून ऐकत होते. साड्या झाल्या, अंगठी झाली, पंगती झाल्या. मामांनी वाचलं, “जानवसघरात रजया, पंचवीस.”

बोरिवलीकर सुपारी कातरत होते. कातरता कातरताच म्हणाले, “रजया कशाला हो मुलुंडात? सतरंज्या पुरे. उगाच माणसं घामाघूम व्हायची.”

बाबा म्हणाले, “पहाटे कुडकुडाल.”

“मुलुंडात?”

“मुलुंडात! कुठे म्हणजे?”

“रजया खोडा. त्या यादीवर मी सही केली तर उद्या कचेरीभर सांगाल, बोरिवलीकराने मुलुंडची थंडी लेखी मान्य केली.”

“सांगणारच!” बाबा उठून उभे राहिले. “आणि रजया खोडायच्या असतील तर सगळी यादीच खोडा.”

मामांच्या हातातला टाक तसाच राहिला. बोरिवलीकरांनी अडकित्ता ठेवला, टोपी घातली आणि चालू लागले. कागदावर सह्यांची जागा कोरीच. मी दाराआड तशीच उभी. मला रडू नाही आलं. असा संताप आला म्हणून सांगू, की त्या डोंगराला जाऊन दोन लाथा घालाव्यात.

आई मालवणची. चिडली की तिची भाषा गावी जायची. “तुमका खूळ लागला हा!” ती बाबांना म्हणाली. “चेडवाचा लगीन मोडता आणि हे रजयो मोजतत!” बाबा दुसऱ्या दिवशी मफलर गुंडाळून कचेरीत गेले.

त्यानंतर तीन आठवडे दोघे शेजारी बसून एकमेकांशी बोलले नाहीत. फाइल द्यायची झाली तर घंटी वाजवून शिपायाला बोलवायचं, आणि शिपायाने ती या टेबलावरून उचलून त्या टेबलावर ठेवायची. दोन टेबलांत हातभर अंतर. मी घरी वाट बघत होते. शाळेत जाताना पोस्टमन दिसला की मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. मुलाला आता दुसरी मुलगी दाखवतील, तिच्या गावाला थंडीच नसेल, ती सुखाने नांदेल, असले विचार.

शेवटी मामांनी मनावर घेतलं. मामांना दोन्ही पक्ष मानत, कारण गिरगावात थंडी पडते असा दावा आजवर कुणी केलेला नव्हता. त्यांनी ठरवलं, दोन सारख्या बाटल्या, दोन्हींत एकाच दुकानातलं खोबरेल. तोंडाला फडकं बांधून लाखेची मोहोर. एक मुलुंडला, एक बोरिवलीला, शनिवारी संध्याकाळी उघड्यावर ठेवायची. लबाडी नको म्हणून बोरिवलीकरांनी मुलुंडला मुक्काम करायचा आणि बाबांनी बोरिवलीला. सकाळी तेल बघायचं, आणि दुपारी आपापल्या ताब्यातली बाटली घेऊन गिरगावात मामांच्या घरी हजर व्हायचं. ज्याचं तेल थिजलं नाही त्याने हरलो म्हणायचं. बाबा जिंकले तर रजया यादीत, ते जिंकले तर रजया बाहेर, पण लग्न व्हायचंच. एवढं मामांनी दोघांकडून देवाच्या फोटोपुढे कबूल करून घेतलं. दोघांचं तेल सारखंच निघालं तर काय, हे मामांच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मला कोण विचारतो?

शनिवारी अर्ध्या दिवसाने कचेरी सुटल्यावर बाबा बोरिवलीला गेले आणि बोरिवलीकर आमच्याकडे आले. शत्रूच्या छावणीत आल्यासारखे जपून बसले. आईने वडे आणि काळ्या वाटाण्याची आमटी केली होती, ती मात्र मनापासून जेवले. मी त्यांची खाट व्हरांड्यात घातली, बाटलीसमोरच, आणि पायथ्याशी रजई ठेवली.

“ही घेऊन जा,” ते म्हणाले. “मला उकडतंय.”

“काका, पहाटे लागेल.”

“मुलुंडात? छे! उलट पंखा असला तर दे.” मी मुकाट्याने तोच तो हातपंखा आणून दिला. त्यांनी दोनदा हलवला आणि छातीवर ठेवला.

पहाटे बंब पेटवायला मी उठले. त्या वर्षातली सगळ्यात कडक थंडी असेल ती. बोलले की तोंडातून वाफ. व्हरांड्यात बघते तर खाटेवर बोरिवलीकर नाहीत, नुसतं एक गाठोडं. जवळ गेले. आमच्या पुढच्या दाराचा पडदा दांडीवरून गायब. तो हिरवा फुलाफुलांचा पडदा गुंडाळून, त्यावर जमिनीवरची सतरंजी ओढून, वर पायपुसणं घेऊन गृहस्थ गुडघे हनुवटीला लावून झोपले होते. दात वाजत होते ते झोपेतही ऐकू येत होते. मला आधी हसू आलं आणि मग एकदम वाईट वाटलं. साठीला आलेला माणूस! आतून रजई आणली आणि त्यांच्या अंगावर घातली. झोपेतच त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, तान्हं मूल आईचा पदर धरतं तशी.

उजाडल्यावर जागे झाले. रजई बघितली, पडदा बघितला, मग मला बघितलं.

“कुणी पाहिलं?” त्यांनी विचारलं.

“मी एकटीने. आई अजून उठायची आहे.”

मी पडदा घडी करत म्हटलं, “काका, मी जन्मात कुणाला सांगणार नाही. पण गिरगावात तुम्ही तेलाचं खरं सांगा.”

कट्ट्यावर बाटलीत तेलाचा पांढराशुभ्र गोळा झाला होता. ते बाटलीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

“फार पोचलेली आहेस तू,” ते म्हणाले. पण रागाने नाही.

दुपारी आम्ही गिरगावात पोचलो. आई आणि मीही गेलो, मामांकडे म्हणजे आईला माहेरच. बाबा आधीच आलेले, आणि बाटली सांभाळायला म्हणून त्यांच्याबरोबर मुलगा. बाबांना पटापट शिंका येत होत्या. “बोरिवलीची धूळ,” ते म्हणाले. इकडून बोरिवलीकरांनीही एक सणसणीत शिंक दिली आणि म्हणाले, “मुलुंडची मिठागरं.”

मामांनी मोठ्या दिमाखात दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. दोन्हींतलं तेल पाण्यासारखं पातळ! दुपारचं ऊन आणि तासाभराचा प्रवास, दुसरं काय होणार? आठ वर्षं खोबरेल तेलावर भांडलेली दोन माणसं, आणि वाटेत ते वितळेल हे एकाच्याही लक्षात येऊ नये! मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आता सगळं त्या दोघांच्या जिभेवर. बोरिवलीकर एवढंच म्हणाले असते, की मुलुंडचं तेल रात्रभर पातळच होतं, तर कोण काय सिद्ध करणार होतं? मग बाबांनीही तेच म्हणायचं, आणि लग्नाची वाट लागायची. मी बोरिवलीकरांकडे टक लावून बघत राहिले.

बोरिवलीकर खाकरले. “मुलुंडचं थिजलं होतं,” ते म्हणाले. “दगड झाला होता नुसता.”

बाबा थक्क. आठ वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. बराच वेळ ते पातळ तेलाकडे बघत होते. मग खाली मान घालून म्हणाले, “बोरिवलीचंही.”

मामा ओरडले, “बरोबरी!” आणि कुणी दुसरं काही बोलायच्या आत खिशातून यादी काढली. रजयांचं काय, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. पंचवीस तशाच राहिल्या आणि खाली दोन्ही सह्या झाल्या. मुलगा माझ्याकडे बघून हसत होता. तो का हसत होता ते मला लग्नानंतर कळलं. त्या पहाटे बोरिवलीला त्यालाही एक गाठोडं दिसलं होतं. माझे बाबा, रजई नाकारून झोपलेले, पहाटे दोरीवर वाळत घातलेलं त्याच्या आईचं नऊवारी लुगडं चार पदरी गुंडाळून ओट्यावर बसले होते. त्यानेही कुणाला सांगितलं नाही. आमचं पुढे चाळीस वर्षं का जमलं, ते त्या दोन गाठोड्यांवरून ओळखा.

माघात लग्न झालं आणि थंडी आदल्या आठवड्यात पळून गेली होती. आजूबाजूच्या घरांतून मागून आणलेल्या पंचवीस रजया जानवसघरात रचून ठेवलेल्या, आणि बाहेर उकाडा. बाबा दर तासाने तिकडे जाऊन रजयांकडे बघून यायचे. त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. एकानेही रजई घेतली नाही तर काय तोंड दाखवायचं! पण बोरिवलीकरांनी सगळ्या वऱ्हाडाला फर्मान काढलं होतं, की रजई पांघरल्याशिवाय कुणी झोपायचं नाही. सकाळी माणसं आंघोळ केल्यासारखी भिजून बाहेर आली. “कशी काय होती थंडी?” बाबांनी विचारलं. “झकास!” एक काका कपाळ पुसत म्हणाले.

पाठवणीची वेळ झाली. भाड्याची मोटार दारात उभी होती. आई दारात रडत होती, मी मोटारीत बसून रडत होते. बाबा मात्र कुठे दिसेनात. मग जानवसघराकडून येताना दिसले, काखेत एक रजई. त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली आणि नीट घडी घालत बसले. घडी आधीच घातलेली होती.

“पुढच्या थंडीला होईल,” ते म्हणाले. “तिकडे पहाटे फार गार पडतं गं. आपल्यापेक्षा जास्त. पायावर घेत जा.”

मोटारीच्या पलीकडच्या बाजूला माझे सासरे उभे होते. त्यांनी ऐकलं. सगळ्या वऱ्हाडाने ऐकलं. हे एक वाक्य ऐकायला त्यांनी आठ वर्षं थंडीचे चार चार महिने घालवले होते. आता हे काहीतरी बोलणार, आणि बाबांना या घडीला ते सोसणार नाही.

सासरे फेरी मारून इकडे आले. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “नाही हो मुलुंडकर. जास्त तुमच्याकडेच. मला विचारा ना! तुमच्या दाराचा पडदा पांघरून झोपलो होतो मी त्या दिवशी.”

“काय सांगता!” बाबांनी डोळे पुसले. “छे छे, तुमच्याकडे मला...” आणि ते थांबले. लुगड्याचं सांगायला त्यांची जीभ रेटेना. “पण थंडी तुमचीच मोठी.”

“अहो, तुमची!”

“तुमची म्हणतो ना!”

दोघांचा आवाज चढायला लागला. माघाच्या उन्हात उभे राहून, डोळ्यांत पाणी आणून भांडत होते ते. ड्रायव्हरने भोंगा वाजवला तेव्हा कुठे सासरे गाडीत बसले.

मोटार निघाली. वळणावर मागे बघितलं तर बाबा अजून रस्त्यातच उभे. माझ्या मांडीवर ती कापसाची जाड रजई, अंगावर शालू, वरून ऊन. मानेवरून घामाच्या धारा वाहत होत्या.

“ठेव ना ती मागे,” शेजारून आमचे हे म्हणाले. “उकडत नाही?”

मी रजई आणखी घट्ट धरली.

“मुलुंडची आहे मी,” म्हटलं. “मला थंडी वाजतेय.”